सरळ रेषेतलं बेळगाव

बेळगाव किती लांब, असं गोविंदअण्णांना कुणी विचारायची सोय नव्हती. लगेच नकाशा उलगडायचा, त्यावर पट्टी पडायची. "सरळ रेषेत पावणेतीनशे मैल. विमानानं दीड तास. रेल्वेचं सांगू नकोस, ती दिसेल त्या गावाला विचारपूस करत जाते." बंगळुरात विमानाच्या कारखान्यात आम्ही शेजारच्या टेबलांवर आराखडे काढायचो आणि हलसूरला भिंतीला भिंत लावून राहायचो. त्यामुळे या दीड तासातून माझी घरीही सुटका नव्हती. एवढं करून स्वतः अण्णा विमानात कधी बसले नव्हते.

मग बेळगावला त्यांच्या भाचीचं लग्न ठरलं. बहिणीला हा एकच भाऊ. मुलीला गौरीहरापासून उठवून बोहल्यावर न्यायला दुसरा मामा नव्हता.

"आदल्या दिवशी गाडीनं जाऊ," अण्णांच्या बायको म्हणाल्या. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो.

"आदल्या दिवशी कशाला? सकाळी विमान, दुपारी मुहूर्त. मधे स्वल्प झोपसुद्धा होईल."

"ज्येष्ठ आहे. ढग आले तर?"

"अगं, विमान ढगांच्या वरून जातं."

"जाईल हो. पण मांडव खालीच घातलाय ना?"

अक्का ट्रंक घेऊन गाडीनं गेल्या. अण्णा दुसऱ्या दिवशी जरीचा फेटा बांधून विमानतळावर गेले. हवा वाईट, म्हणून विमान निघायलाच उशीर झाला.

दिवेलागणीला अण्णा फेट्यासकट घोड्याच्या जटक्यातून दारात उतरले. मी चक्रावलो.

"बेळगावच्या विमानतळावर, सांबऱ्यावर, ढग," ते म्हणाले. "दोन घिरट्या घातल्या. खालचं काही दिसेना. आणलं परत."

"म्हणजे बेळगावला जाऊन आलात की," मी म्हणालो. माझी जीभ मेली कधी गप्प बसत नाही.

अण्णा पायरीवर बसले. "पोरीला कुणी नेलं असेल रे?" एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरेना. आमच्या हिनं केलेला बिसीबेळे भातही तसाच परत आला.

अक्का आल्या. त्यांना ट्रंकही टेकवू न देता अण्णांनी विचारलं, "कुणी नेलं?"

"कुणी नाही. मामा आल्याशिवाय उठत नाही म्हणाली. भटजी तापले, वरपक्ष रुसायला आला. तेवढ्यात वर ढगात विमान घरघरलं. तशी उठली. म्हणाली, मामा आलाय, चला. आणि एकटी चालत बोहल्यावर गेली."

अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "दुसरी घिरटी ऐकू आली?"

"तेव्हा अक्षता पडत होत्या," अक्का म्हणाल्या.