ती टिक मी काढली नाही

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अंबरनाथला आमच्या कंपनीत सकाळी सकाळीच तमाशा झाला. मी तिथले कॉम्प्युटर सांभाळते. बॅग टेबलावर ठेवते न ठेवते तोच पॅकिंगमधून फोन... एकही पीसी लॉगिन घेत नाहीये.

जाऊन बघते तर सगळ्या स्क्रीनवर एकच वाक्य. सर्व्हर सापडत नाही. हा डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे कंपनीतल्या प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड जिथे असतो तो. तुम्ही पासवर्ड टाकला की पीसी त्याला विचारतो, हा माणूस आपला का? तो हो म्हणाला तरच बॉक्सचं लेबल निघतं, आणि लेबल निघालं तरच गाडी भरते. गाडी बाहेर उभी होती.

सापडत नाही म्हणे... सर्व्हर चांगला शेजारच्या खोलीत बसून माझ्या लॅपटॉपला उत्तरं देत होता.

तेवढ्यात मॅनेजरसाहेबांनी उल्हासनगरच्या आमच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावून स्पीकरवर घेतलं. तो म्हणाला, "मॅडम, वो एन्क्रिप्शन का टिक निकाल दो ना, चालू हो जाएगा." साहेबांनी फोनवर ऐकत ऐकत एका पीसीवरची टिक स्वतःच काढली. आणि लॉगिन झालं की...

मग काय, सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच आतून कडी लावून बसले होते. "सगळ्या पीसीवरची काढून टाक, नंतर बघू," साहेब म्हणाले. मी नाही म्हटलं. सरळ, तोंडावर. आमच्याकडचं 'नंतर बघू' मला चांगलं माहीत आहे.

ती टिक असली की पासवर्ड कुलूपबंद होऊन सर्व्हरकडे जातो. काढली की उघडा जातो, ज्याला वाचायचा त्याने वाटेत वाचावा. पॅकिंगला सुनंदाताई आहेत, खरवईहून येतात. मागे कोणीतरी त्यांचा पासवर्ड असाच वाटेत उचलला, त्यांच्या नावाने लॉगिन केलं आणि चुकीचा माल बाहेर गेला. ताई जीव तोडून सांगत होत्या की हे मी केलेलं नाही, कोणी ऐकेना. त्या दिवशी त्या रजेवर होत्या हे शेवटी कोणाच्या तरी लक्षात आलं, पण सॉरी म्हणायला एकजण पुढे आला नाही. त्यानंतर मी भांडून भांडून ते एन्क्रिप्शन लावून घेतलं होतं.

ताई बाजूलाच उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "मॅडम, माझं नाव परत दुसऱ्याच्या हातात नको जायला हां."

आता तर मी हटणारच नव्हते. साहेबांना म्हटलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या, नाहीतर तुमच्या सहीने काढा. सहीचं नाव काढल्यावर साहेब जरा मऊ झाले.

केबल पाहिली, पोर्ट पाहिला. सर्व्हरचं सर्टिफिकेट उघडून पाहिलं. हे त्याचं ओळखपत्र, ते पटल्याशिवाय पीसी त्याच्याकडे पासवर्ड देत नाही. नाव बरोबर, मुदत भरपूर... सगळं ठीक, तरी सगळं बंद. खोटं कशाला बोलू, रडू यायच्या बेतात होतं.

वैतागून गेटवर गेले आणि वॉचमनचा पीसी बघितला. तोच लॉगिनचा प्रोग्राम, तीच टिक... आणि तो मस्त चालू.

परत येऊन पॅकिंगच्या पीसींकडे नुसती बघत उभी राहिले. प्रत्येकावर हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूची सुकलेली माळ. गेटवरच्या पीसीवर यातलं काहीच नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनं मेन स्विचवरून बंद करतात, पुसतात आणि मग पूजा होते. मीही होते, पेढेही खाल्ले. पॅकिंगचे हे जुने पीसी एरवी कधी बंदच होत नाहीत, शिफ्टमागून शिफ्ट चालू; आणि एन्क्रिप्शन लावल्यानंतरची ही पहिलीच खंडेनवमी. गेट मात्र पूजेसाठीही बंद ठेवता येत नाही.

आमचा प्रोग्राम अख्खी स्क्रीन व्यापतो, त्यामुळे खालचं घड्याळ दिसत नाही. तो बाजूला केला आणि तारीख बघितली... पीसी कित्येक वर्षं मागे जाऊन बसला होता. आतला घड्याळाचा सेल कधीचा मेलेला, पण वीज होती तोवर ते कोणाला कळलं नाही. त्याच्या हिशेबाने सर्व्हरचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नव्हतं, म्हणून पीसी सर्व्हरला ओळख देत नव्हता. बरोबरच वागत होता बिचारा. टिक काढली की सर्टिफिकेट कोणी तपासतच नाही, म्हणून तेवढं चालत होतं.

तारीख बदलली, लॉगिन झालं. एकेक करत सगळे पीसी चालू झाले आणि गाडी भरायला लागली. पुढे वेळ सर्व्हरकडूनच घ्यायची सोय केली, आणि संध्याकाळी अंबरनाथ पूर्वेला घड्याळवाल्याकडून सेल आणले.

साहेबांनी काढलेली टिक मी त्यांच्यासमोर परत लावली. "झालं ना चालू, मग राहू दे," म्हणाले. जसं काही राहू द्यायचं त्यांनीच सुचवलं होतं. सॉफ्टवेअरवाल्याचा मात्र परत फोन आला नाही.

पुढच्या खंडेनवमीला मेन स्विच बंद होईल, पूजाही होईल. माझी काही हरकत नाही, पेढ्यांना तर मुळीच नाही.

सुनंदाताई पासवर्ड टाकताना अजून एक हात आडवा धरून कीबोर्ड झाकतात. एन्क्रिप्शन लावलं तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, ताई, इथवर तुम्ही झाका, पुढचं मी झाकते. दसऱ्यानंतरच्या त्या दिवशी पीसी चालू झाल्यावरही त्यांनी हात आडवा धरला, पासवर्ड टाकला आणि त्यांच्या नावाचं लेबल बाहेर आलं... ते हातात घेऊन त्यांनी नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि बॉक्सवर चिकटवलं.

ती टिक ज्याला काढायची असेल त्याने आधी माझ्याशी भांडायला यावं. मी तिथेच असते.