चौधरीभाऊंच्या गच्चीवरचा पाऊस

चहा घ्या तुम्ही, तोवर भर कॉलनीत माझी अब्रू कशी गेली ते सांगतो. हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा.

मी भूगोलाचा मास्तर. बुऱ्हाणपुरात आमच्या कॉलनीत गच्चीवर हवामानयंत्र बसवणारा पहिला माणूस मी. रोज दुपारी ग्रुपवर पारा टाकायचो, लोक 'थँक्यू सर' म्हणायचे. मग नेपानगरहून रिटायर होऊन चौधरीभाऊ शेजारी आले आणि त्यांनी माझ्याहून महागडं यंत्र लावलं. माझं चव्वेचाळीस दाखवायचं, त्यांचं सत्तेचाळीस. आता लोकांना काय आवडणार? एवढं भाजून निघतोय तर आकडा तरी मोठा हवा ना. सगळे 'थँक्यू' तिकडे वळले. जळफळाट झाला नुसता.

घरात तरी मान असावा? आमची ही गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घालत होती. म्हणाली, "चौधरीभाऊंचं बघून सांगा हो, किती आहे."

"आपलं आहे ना."

"आपलं जरा थंडच दाखवतं."

खरी गोष्ट मला माहीत होती. उष्णतेच्या सेन्सरवर पांढऱ्या ताटल्यांचं झाकण असतं. माझं मी नेमानं घासतो. भाऊंचं धुळीनं आणि कबुतरांनी पार काळं झालेलं. काळं झालं की ऊन खातं आणि पारा फुगतो. पण हे सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, सर जळतात. जळत होतोच, पण ते लोकांनी कशाला म्हणायचं?

एका दुपारी भाऊ असीरगडला लग्नाला गेले. मी बादली, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन कठडा ओलांडला. एकेक ताटली घासली आणि वरून तांब्या तांब्यानं पाणी ओतलं.

शेजारीच पाऊस मोजायचं भांडं होतं, ते कुणाच्या लक्षात? त्यात पाणी पडलं की ग्रुपवर आपोआप मेसेज जाईल, अशी सोय भाऊंच्या मुलानं करून ठेवलेली. मेसेज गेला : 'मुसळधार पाऊस सुरू.'

भर मे महिन्यात! पण सत्तेचाळीसवर विश्वास ठेवणारी माणसं पावसावर का नाही ठेवणार? धडाधड दारं उघडली, बायका बिबडे उचलायला वर धावल्या. आभाळात ढग नाही, आणि चौधरींच्या गच्चीवर मी, ओल्या बनियनवर, हातात टूथब्रश.

"सर, तुम्ही तिथे काय करून राहिले?" समोरच्या पाटीलवहिनींनी विचारलं.

"साफसफाई."

"त्यांच्या घरची?"

आमची ही पदरात बिबडे धरून उभी होती. तिनं एकदा माझ्या टूथब्रशकडे बघितलं आणि बिबडे परत पसरायला लागली.

संध्याकाळी भाऊ आले. मी थापा जुळवतोय, तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "सर, गुडघ्यांमुळे मला वर चढवत नाही. कितने दिन से सोच रहा था, कोणाला सांगू. तुम्ही न सांगता केलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी मनात लाडू फुटत होते, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी भाऊंचा पारा आला, चव्वेचाळीस. माझाही चव्वेचाळीस. आता कळेल सगळ्यांना, म्हणून मी फोन धरून बसलो.

पाटीलवहिनींचा मेसेज आला : 'आज ऊन उतरलं. आणि सरांचं यंत्रही सुधारलं बरं का, भाऊंच्या यंत्राशी बरोबर जुळून राहिलं.'

त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. पहिला अंगठा आमच्या हिचा.