शेरभर कापूस, शेरभर लोखंड

चारुशीलाबाईंना मधेच थांबायची खोड होती. आमटीत मीठ घालता घालता हात तसाच धरून त्या स्वतःच्या मनात डोकावत. आत्ता काय विचार आला, त्याच्या आधी काय आलं होतं? अकोल्याला वकिली करणारे त्यांचे वडील बापूसाहेब म्हणत, "आमची चारू स्वतःचीच उलटतपासणी घेते. वकीलही तीच, साक्षीदारही तीच. निकाल कोण देणार?"

ही खोड कॉलेजातली. बी.ए.ला तत्त्वज्ञान होतं आणि त्यात मानसशास्त्राचा एक पेपर. आपल्याकडे तेव्हा हा विषय तत्त्वज्ञानाच्याच घरात, धाकट्या जावेसारखा एका खोलीत संसार मांडून होता. जर्मनीत मात्र त्यानं केव्हाच वेगळी चूल मांडली होती. तिथं प्रयोगशाळेत माणसांना बसवून यंत्राचे ठोके ऐकवत आणि विचारत, आत काय झालं ते सांगा. मनाला असं विचारता येतं, याचंच चारूला नवल वाटलं होतं.

पुढे जबलपूरला शिक्षिकेचं प्रशिक्षण घेताना कळलं की ते विचारणं आता मागे पडलं आहे. एका प्रयोगशाळेतल्या माणसाला आत जे दिसे, ते दुसरीकडच्याला दिसेना, आणि खरं कोणाचं हे ठरवायला काही साधन नव्हतं. मग अमेरिकेतले काही विद्वान म्हणाले, आत डोकावूच नका. माणूस बाहेर काय करतो तेवढं मोजा. चारूनं हे वहीत उतरवून घेतलं, पास झाली, आणि अमरावतीला एका मुलींच्या शाळेत नोकरीला लागली. आमटी ढवळताना थांबणं काही सुटलं नाही.

एकोणीसशे सदतीसच्या डिसेंबरात शाळेत नागपूरहून एक गठ्ठा आला. आत बुद्धिमापनाचे मराठी प्रश्न होते आणि उत्तरांची किल्ली. चौथीच्या सगळ्या मुलींना प्रश्न विचारायचे, गुण मांडायचे. तीसच्या खाली जाईल तिला 'मंद' म्हणून मागच्या पडवीतल्या वेगळ्या वर्गात बसवायचं. वर सूचना होती: मुलीनं उत्तर दिल्यावर तिला कारण विचारू नये.

कौशल्येला एकोणतीस गुण मिळाले.

ती बडनेऱ्याच्या रस्त्यावरच्या शेतकऱ्याची मुलगी. दहा वर्षांची, कमी बोलणारी, बोटांच्या पेरांवर कापसाच्या बोंडांचे ओरखडे. एकोणिसावा प्रश्न होता, 'एक शेर कापूस आणि एक शेर लोखंड यांत जड काय?' किल्लीत उत्तर होतं, 'सारखेच'. कौशल्या म्हणाली होती, "लोखंड." बाईंनी शून्य मांडलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई गोदाबाई शाळेच्या दारात उभी राहिली. आत यायला तयार नव्हती.

"बाई, माही पोरगी येडी हाय का?"

"तसं नाही हो गोदाबाई. एक वेगळा वर्ग—"

"येडीचाच ना थो वर्ग? तिचा बाप म्हणते, मंग शाळा काहून? वेचणी चालू हाय, चार हात तं होतीन. मी म्हणलं, बाईले इचारून येतो."

बाईंनी तिला दोन दिवस थांबायला सांगितलं. पडवीतल्या वर्गात गेलेली मुलगी वर्षभरात शाळेतून जाते, हे त्यांना ठाऊक होतं. हे प्रश्न मूळ पॅरिसला निघाले ते मागे पडणारी मुलं शोधून त्यांना हात द्यायला. समुद्र ओलांडता ओलांडता त्यांचा नुसता आकडा उरला होता.

मधल्या सुट्टीत त्यांनी कौशल्येला जवळ बसवलं. सूचना मोडायचीच होती. "लोखंड असं का म्हणालीस गं?" त्यांनी हळूच विचारलं. कौशल्या खाली बघत राहिली. पुस्तकी मराठीतल्या प्रत्येक 'का'नंतर तिला आजवर बोलणीच बसली होती. बाईंच्या माहेरी 'काहून' हा शब्द उद्धट समजत. तरी त्यांनी तो उच्चारला.

"काहून म्हणाली तू लोखंड?"

कौशल्येनं मान वर केली. "बाई, तुमी कापूस कवा मापला थे सांगतलंच नाही. सकाळी दव राह्यते. सकाळी शेर भरला तं दुपारी थो शेर राहत नाही, वाळते. लोखंड शेरच राह्यते."

 बाई तशाच उठून शाळा तपासायला आलेल्या डिप्टीसाहेबांकडे गेल्या. वामनराव हे चांदूर रेल्वेचे, घरी काळी जमीन, पण साहेबी टोपी घातली की कापूस विसरणारे.

"चारुशीलाबाई, तुम्ही कारण विचारलंत? मनाई आहे."

"विचारलं. आता शिक्षा काय ती मला करा. तिला एक गुण द्या."

"किल्लीत 'सारखेच' आहे."

"तुमच्या घरी कापूस सकाळी विकतात की दुपारी?"

वामनराव मिशीत हसले आणि लगेच हसू आवरलं. "हे बघा, शास्त्र म्हणता ना? मग करून दाखवा. नाही दाखवलंत, तर पोरगी पडवीत."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गोदाबाई ओला वेचलेला कापूस फडक्यात बांधून आली. गणिताच्या वर्गातली तागडी व्हरांड्यात टांगली. एका पारड्यात लोखंडी शेर, दुसऱ्यात कापूस. काटा बरोबर मधे आल्यावर वामनरावांनी पुंजके मोजून घेतले. मग कौशल्येनं कापूस उचलून अंगणात उन्हात पसरला आणि राखणीला बसली. वारा सुटला की दोन्ही हातांनी कापूस दाबून धरी. बाई वर्गात शिकवत होत्या आणि दर पाच मिनिटांनी खिडकीशी येत होत्या. एक गुण. नुसता एक. एक पुंजका उडाला तरी सगळं फुकट.

दुपारी वामनरावांनी पुंजके पुन्हा मोजून पाहिले, सकाळइतकेच होते. कापूस पारड्यात गेला. लोखंडाचं पारडं हळूच खाली बसलं.

गोदाबाई म्हणाली, "एवढ्यासाठी बोलावलं? हे तं लेकरालेबी माहीत राह्यते."

वामनरावांनी एकोणतीस खोडून तीस केले, शेजारी सही केली. "नागपूरला काय कळवू?"

"प्रश्नात वेळ घाला म्हणावं. सकाळची की दुपारची."

त्यांनी तसंच लिहिलं. नागपूरहून उत्तर आलं नाही. तोवर कौशल्या पाचवीत गेली होती, आणि पाचवीच्या बाई चारुशीलाबाईंकडे तक्रार घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, ही मुलगी फार बोलते.