बर्फात तगणारं संत्रं

आमचे हे भातसानगरला धरणावर नोकरीला होते. संध्याकाळी परतले की फाटकातूनच हाक मारायचे, "अगो, कुठं हायस?" मी कुठे असणार? गॅसपुढे नाहीतर मोरीत. तरी रोज विचारायचे. निवृत्त झाले आणि हाक बंद पडली. जो माणूस कुठे जातच नाही तो येणार कुठून? पडवीत खुर्ची टाकून मोबाइल बघत बसायचे. जेवता का, तर हो. चहा ठेवू का, तरी हो. बायका नवऱ्याच्या कटकटीला कंटाळतात, मी त्यांच्या त्या 'हो'ला कंटाळले. मनातून भ्यायलेही होते. चांगला बोलका माणूस, माझ्या डोळ्यांदेखत सुकत चालला होता.

मग पाऊस सरता सरता त्यांनी मोबाइलवरून एक झाड मागवलं. कुरियरवाल्याला सापगाव सापडतं, सापगावापुढचं आमचं घर सापडत नाही, म्हणून आटगावला स्टेशनसमोरच्या दुकानातून खोकं घेऊन आले. आत वीतभर काडी आणि चार पानं.

"संत्रं हाय," म्हणाले. "बर्फात पण तगतं."

शेजारी थोरली जाऊ राहते. ती कुंपणावरून म्हणाली, "भावजी, बर्फ लागला तर मच्छीवालीला सांगून ठेवते."

तिच्या बोलण्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. परसात मी शेवग्यासाठी राखलेली जागा होती, नेमका तिथेच खड्डा खणला. मला बोलावून कलमाचा सांधा दाखवला. सांध्याच्या वर संत्रं, खाली कसल्या तरी काटेरी जंगली झाडाचा खुंट. वरून फुटेल ते आपलं. खालून फुटलं तर लगेच खुडायचं, नाहीतर खुंट सगळं खातो आणि कलम मरतं. हे मला इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेतही खुडलं असतं. आणि या झाडाला म्हणे आधी चांगली थंडी लागते, मगच वसंतात पालवी येते.

आता शहापूरची थंडी ती काय? पहाटे पाय पोटाशी घ्यावे लागतात आणि दहा वाजता पंखा लावावा लागतो. पण ह्यांनी थंडीची वाट अशी पाहिली, जशी लोक जावयाची पाहतात. आणि ती आली तेव्हा घाबरले. माझं माहेर मुरबाडकडचं, म्हणून दर वर्षी आम्ही म्हशाच्या जत्रेला जातो. तिथली घोंगडी नावाजलेली. ह्यांनी भाव पाडून एक जाडशी घेतली. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी सुचलं. संध्याकाळी बघते तर घोंगडी झाडावर.

"थंडी सोसणारं ना ते? मग सोसू द्या की."

"नवीन हाय अजून," म्हणाले.

मला या घरात येऊन जन्म गेला, मला कोणी नवीन म्हणून घोंगडी पांघरली नव्हती. पण ते दोन शब्द जास्त बोलले होते, म्हणून मी घोंगडी तिथेच राहू दिली.

पुढे मोबाइलने सांगितलं की संत्र्याला ताण द्यावा लागतो. म्हणजे पाणी तोडायचं, झाड तहानेने घाबरलं की बहर धरतं. जन्मभर मुंबईला पाणी सोडलेल्या माणसाने घरच्या झाडाचं पाणी बंद केलं. धरण आमच्या तालुक्यात असून उन्हाळ्यात आमच्याच वाड्यांवर टँकर येतो, तेव्हा ताण कसा द्यायचा हे इथे कोणाला शिकवायला नको. हा उपाय मोठ्या बागांचा, जुन्या झाडांचा. वीतभर काडीने घाबरून सगळी पानं टाकली.

"आता शेवगा लाव गो," जाऊ मला म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. पण हे रोज सकाळी उठून, अंघोळीआधी, त्या काडीपुढे उकिडवे बसत होते. काडी उपटली तर उठणार कशासाठी? मी शेवग्याचा विषय काढला नाही.

माघ अर्ध्यावर आला आणि काडी फुटली. खालून. सांध्याच्या पार खाली, मातीलगत, काटेरी फांदी आली आणि तिला तीन-तीनच्या जुळणीची कोवळी पानं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खुडायला हात पुढे गेला, तसाच मागे आला. "फुटलं," एवढंच म्हणाले. मीही म्हटलं, "फुटलं." दुसरी पानंच नव्हती, ही तरी कशाला घालवा.

महाशिवरात्रीला सकाळीच जाऊ ताट घेऊन दारात, मागे आळीतल्या बायका. गावातल्या बेलाची या दिवसांत पानगळ होते, उरलेली पानं पोरांनी ओरबाडलेली. आणि आमच्या परसात काटे असलेली, तीन पानांची, हिरवीगार फांदी.

"भावजी, तुमी तर बेल लावलाय. आमी समजत होतो संत्रं."

शिवरात्रीला बेल मागितला तर आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. वैरी आला तरी देतात. बेल नाही म्हणावं, तर संत्र्याला तीन पानं कशी, आणि मग कलम मेलं हे चारचौघींत सांगायचं. बेल म्हणावं, तर होती नव्हती ती पालवी ताटात.

हे फांदीपुढे उकिडवे बसले. मग म्हणाले, "न्या. पण काटे हायत, मीच देतो खुडून."

एकेक त्रिदळ खुडून त्यांनी प्रत्येकीच्या ताटात ठेवलं. शेवटच्या बाईला कोवळा शेंडा दिला. फांदी पार नागडी झाली. त्या दिवशी महादेवाला संत्र्याचा खुंट वाहिला गेला. त्याची काही तक्रार आली नाही, तो भोळाच आहे.

बायका गेल्यावर मी म्हटलं, "खिचडी निवतेय."

"मेलं असं म्हणायचं जिवावर आलं गो," म्हणाले, आणि खुर्चीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी परसात गेले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. चहा ठेवू का, तर हो. मला रडू आलं. झाडासाठी नव्हे.

पाणी मात्र मी घालत राहिले, भांडी विसळलेलं. ताण पुष्कळ झाला होता. शिमग्याच्या आसपास कपडे वाळत घालताना सहज वाकले. सांध्याच्या वर, सुकलेल्या काडीवर, मोहरीएवढा हिरवा ठिपका. दोन दिवसांनी त्याचं पान झालं. एकच, गुळगुळीत. बायकांच्या ताटांत खालची फूट साफ झाली होती आणि ह्यांच्या हातून जे होत नव्हतं ते महादेवाने करवून घेतलं होतं.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळी आळी म्हणते. मी तशीच आत आले. फक्त म्हटलं, "घोंगडी परसात पडलीय, तेवढी उचलून आणा."

"हो," म्हणाले आणि निघाले.

मी चहा टाकला. दूध वर येत होतं, तेवढ्यात परसातून हाक आली.

"अगो, कुठं हायस?"

मी पदराने डोळे पुसले, गॅस बंद केला, आणि काहीच माहीत नसल्याचा चेहरा करून बाहेर गेले.