तिसऱ्या सिलिंडरचं नोझल

माझी शेवटची पोस्टिंग घराजवळ मिळाली. गाव फुलंब्री तालुक्यात, युनिट औरंगाबादच्या छावणीत. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. युनिटच्या सगळ्या डिझेल ट्रकांची इंजिनं माझ्याकडं होती.

लोक मला विचारतात, फौजेत असताना भीती कशाची वाटायची? मी सांगतो, नोझलची. ते हसतात.

इंजेक्टरच्या टोकाला करंगळीएवढं नोझल असतं. त्याच्या भोकातून केस जेमतेम जाईल. त्यातून डिझेल धुक्यासारखं उडालं पाहिजे. धुक्याऐवजी थेंब गळायला लागले की सिलिंडर नीट पेटत नाही. इंजिन ठोकतं, धूर सोडतं, आणि चढावर दम टाकतं. म्हणून आम्ही ठरावीक मुदतीनं इंजेक्टर काढायचो, टेस्टरवर पंप मारून फवारा बघायचो आणि खराब नोझल बदलायचो. टेस्टरपुढं हात न्यायला सक्त मनाई. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो.

त्या पावसाळ्यात गोदावरीला पूर आला. पैठणच्या खालच्या अंगाला नदीकाठच्या वस्त्या पाण्यात सापडल्या आणि आमच्या युनिटला हुकूम आला. पहाटे दोन ट्रक निघाले. पहिल्यावर ड्रायव्हर नाईक सोपान. सोयगाव तालुक्यातला, अंगानं किरकोळ, कमी बोलणारा. मी त्याच्या शेजारी बसलो.

वस्तीकडं जाणारा रस्ता एका ओढ्यावरच्या फरशीपुलावरून जात होता. पुलावर पाणी होतं, पण कडेचे दगड दिसत होते. सोपाननं पहिल्या गिअरमध्ये ट्रक घातला, पलीकडं गेला आणि वस्तीतली माणसं भरून परत फिरला. मागं बाया, म्हातारे, दोन शेळ्या.

पुलाच्या मध्यावर इंजिन ठोकायला लागलं. मागं काळा धूर. सोपाननं अ‍ॅक्सिलरेटर दाबला, पण ट्रक ओढेना. पुढं चढ होता.

"उस्ताद, मिस मारतंय."

मी बॉनेट उघडून बंपरवर उभा राहिलो. चालत्या इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट ढिला करत गेलो. चांगल्या सिलिंडरचा नट ढिला केला की आवाज पडतो. तिसऱ्याचा केला, आवाज होता तसाच राहिला. तिसरं नोझल गेलं होतं.

तयार केलेला जादा इंजेक्टर पेटीत होता. पण बदलायचा तर इंजिन बंद करावं लागणार होतं. पाणी बॅटरीच्या पेटीच्या जरा खाली होतं. तिथवर चढलं असतं, तर स्टार्टर फिरला नसता.

"बंद कर," मी म्हणालो.

इंजिन थांबलं आणि पाण्याचा आवाज एकदम मोठा झाला. तोवर तो एवढा असेल असं वाटलंच नव्हतं. माझ्या बुटाखालून गढूळ पाणी जात होतं. मला पोहता येत नाही. मी पान्याला हात घातला.

सोपान खाली उतरला. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यानं मागून माझा पट्टा पकडला. "खाली बघू नका उस्ताद. मी धरलंय."

मागून एक म्हातारी ओरडली, "लेकरा, पाणी लई वाढायलंय रं!"

"झालंच, आजी."

पाइप सोडला. इंजेक्टर ओढून काढला. तांब्याचं जुनं वॉशर आतच चिकटलं होतं. ते तारेनं उचकटून काढलं. नवं वॉशर, नवा इंजेक्टर, वर पाइप. डिझेलच्या लाइनमधली हवा काढली. तोवर पाणी बॅटरीच्या पेटीला टेकलं होतं.

"मार सेल्फ."

स्टार्टर एकदा फिरला, दुसऱ्यांदा अडखळला, आणि इंजिन लागलं. धूर साफ होता. ट्रक चढ चढून वर आला, तेव्हा म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. 

वस्तीत अजून माणसं होती. दुसऱ्या ट्रकच्या ब्रेकमध्ये पाणी गेलं होतं. मेजरसाहेबांनी मला तिकडं लावलं. परत वस्तीकडं जाण्याआधी सोपाननं विचारलं, "इंजिन कसं वाटतं, उस्ताद?"

मी कान देऊन ऐकलं. "बरोबर आहे. जा."

माणसं भरून परतताना त्याच पुलाची कड खचली आणि ट्रकचं मागचं चाक खाली गेलं. वायरलेसवर माझ्या जागी सोपानबरोबर गेलेल्या जवानाचा आवाज आला. "गाड़ी पीछे खिसक रही है। रस्सी भेजो। ओवर."

आम्ही काठावरून दोर टाकला. जवानानं तो ट्रकच्या पुढच्या हुकाला बांधला. माणसं टपावरून बॉनेटवर आली आणि दोर धरून एकेक करत काठावर पोचली. शेवटी जवान आला. केबिनमध्ये सोपान एकटा राहिला. मी हाका मारत होतो. पाण्याच्या आवाजात मलाच माझी हाक ऐकू येत नव्हती. मग हूक तुटला आणि ट्रक आडवा होऊन वाहून गेला.

सोपान दुसऱ्या दिवशी सापडला.

वाचलेल्यांपैकी कुणी म्हणालं, इंजिन आधीच बंद पडलं होतं. कुणी म्हणालं, चालू होतं. मला जेवण जाईना. "बरोबर आहे, जा" असं मी म्हणालो होतो. नोझल मी बसवलं होतं.

पाणी ओसरल्यावर ट्रक वर्कशॉपमध्ये आणला. इंजिन मी उघडतो, असं मी सुभेदारसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "सोच लो।" सगळ्या नोकरीत मला त्या सकाळी वाटली तेवढी भीती कधी वाटली नाही.

बंद इंजिनात पाणी शिरलं तर ते नुसतं भरून राहतं. चालत्या इंजिनानं पाणी ओढलं, तर पिस्टन त्यावर आदळतो. पाणी दबत नाही, म्हणून पिस्टनचा रॉड वाकतो. मी इंजिनाखालचं तेलाचं चेंबर खोललं. दोन रॉड वाकले होते. तिसरा इंजेक्टर धुऊन टेस्टरवर लावला. फवारा धुक्यासारखा उडाला. मी तिथंच खाली बसलो. सुभेदारसाहेब बाहेर गेले.

सोपानची बायको सामान न्यायला छावणीत आली. बरोबर तिचा भाऊ होता. तिनं मला बाजूला बोलावलं.

"भाऊ, खरं सांगा. गाडी बंद पडली व्हती का?"

"नाही ताई. शेवटपर्यंत चालू होती. इंजिन उघडून मी स्वतः बघितलंय."

"मग ह्यांनी उडी का नाय मारली?"

"नुसत्या दोरावर ट्रक थांबला नसता. इंजिन पुढं ओढत होतं म्हणून टिकला. सोपाननं अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला असता, तर माणसं उतरायच्या आत तो मागं गेला असता."

"आन् माणसं उतरल्यावर?"

  "शेवटचा जवान दोरावर होता तोवर तो थांबला असणार. नंतर वेळच मिळाला नसेल, ताई."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोहायला लई चांगलं येत व्हतं त्यान्ला," ती म्हणाली. "आमच्या नदीला पूर आला की पहिली उडी ह्यांचीच."