पाणबुडीचा पक्का रंग

आधी चहा घ्या, मग सांगतो. आणि आमची ही ज्या फडक्यानं पातेलं धरते ना, ते राखी-निळं फडकं तेवढं नीट बघून ठेवा. त्याच्यावर मी मागून येणारच आहे. आमच्या कारखान्यातले जुने लोक मला अजून 'अंदाजे' म्हणून हाक मारतात. ते माझं आडनाव नाही. ती माझी कमाई आहे.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल असेल. सोलापुरात चादरीच्या एका कारखान्यात मी रंगखात्यात होतो. होतो म्हणजे बदली कामगार होतो. कायमचा माणूस आला नाही की आपण आत, तो आला की आपण फाटकाबाहेर. चार वर्षं हेच चाललेलं. पण रंगातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. बाकीचे रंग तोलून घ्यायचे, वहीत लिहून ठेवायचे. मी आपला चिमटीनं उचलायचो. कुणी विचारलं, "दत्तू, किती टाकलास रे?" तर मी म्हणायचो, "हाताला माहीत आहे."

आता या नोकरीत एक लग्न अडकून बसलं होतं. मंगळवेढ्याची मुलगी बघून आलो होतो. मला पसंत होती, आणि तिनंही पोहे पुढं करताना नाक न मुरडता माझ्याकडे बघितलं होतं. पण तिचे वडील सुपारी फोडेनात. माझ्या काकांना म्हणाले, "पावणं, पोरगं बरं हाय. पर नोकरी पक्की हाय का?"

काका म्हणाले, "होईल की."

"मग झाली की या. आमी कुटं जातोय, हितंच हाय."

म्हणजे मी पक्का झालो तर लग्न पक्कं. ध्यानात राहू द्या, पुढचा सगळा गोंधळ या एका शब्दाचा आहे.

आमच्याच कारखान्यात माग दुरुस्त करायला व्यंकू होता. माझा जिवाचा मित्र. विणकराचं घर, त्यामुळे घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि डोकं फिरलं की दोन्ही. एकाहत्तरची लढाई होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी वर्तमानपत्रात मधूनमधून पाणबुडीचा फोटो यायचा. तसला एक फोटो व्यंकूनं बघितला आणि म्हणाला, "दत्त्या, हा तर धोटा आहे."

धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो. दोन्ही टोकांना निमुळता, मधे फुगीर. खरंच, पाणबुडी म्हणजे तोच. व्यंकूच्या घरात तीन पिढ्या धोटे घासण्यात गेल्या होत्या, त्याच्या हाताला तो आकार बसलेलाच होता. त्यानं मोडक्या मागाचं सागवान घेतलं, फूटपट्टी लावून फोटो मोजला, खऱ्या पाणबुडीच्या एका फुटाला आपलं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, असा हिशेब धरला आणि तीन महिने रोज संध्याकाळी तासत बसला. सव्वादोन फुटांची पाणबुडी झाली. वर मनोरा, मागं पंखा, मनोऱ्यावर सायकलच्या आरीची दुर्बीण. पोटात पत्र्याचा डबा, डब्याला रबरी नळी आणि नळीच्या टोकाला टांग्याच्या भोंग्याचा फुगा. फुगा दाबला की पाणबुडी वर, सोडला की खाली. भेगा रंगाऱ्याची लांबी भरून बुजवल्या, वरून काचकागद इतका फिरवला की हात लावला तर सटकायचा.

पेठेतल्या वाचनालयात हस्तकौशल्याचं प्रदर्शन होतं. तिथं ती पाण्याच्या टाकीत बुडवून दाखवायची होती. आणि उद्घाटनाला कोण येणार होतं? आमचे मालक. मला तर देवच पावल्यासारखं झालं. मालक येणार, रंग बघणार, विचारणार, हा हात कुणाचा? आणि मी नम्रपणे पुढं होणार. नम्रपणे कसं उभं राहायचं ते मी घरी करूनसुद्धा बघितलं होतं.

व्यंकू म्हणाला, "नव्या पेठेतून ऑइलपेंटचा डबा आणतो."

"डबा? मी जिवंत असताना तू विकतचा रंग आणणार? आणि मिळतं काय तिथं? खिडकीच्या गजांचा हिरवा नाहीतर देवळाच्या भिंतीचा पिवळा. पाणबुडीचा रंग समुद्रासारखा पाहिजे. तो माझ्याकडे फुकट आहे."

दुपारच्या सुट्टीत मी रंगखात्यात गेलो. काळ्याच्या बादलीत तळाला उरलेला रंग होता, निळ्याच्या पिंपात थोडा होता, कुठला तरी तपकिरी होता. सगळा फेकायचाच. सगळा एका डब्यात ओतला, मीठ टाकलं, सोडा टाकला, आणखी एका पुडीतलं काहीतरी टाकलं. ढवळलं, बोट बुडवून बघितलं. आधी हिरवट दिसला, मग हवा लागली तसा हळूहळू राखी-निळा होत गेला. असा रंग मला पुन्हा कधी जमला नाही. हे वाक्य पण ध्यानात ठेवा.

तीन हात दिले. लाकडानं तो पिऊन टाकल्यासारखं दिसलं. वाळल्यावर पाणबुडी अशी दिसायला लागली की आत्ता समुद्रातून आली असं वाटावं.

"वास येतोय रे," व्यंकू म्हणाला. "नासक्या अंड्याचा."

"पाण्याखाली वास कुणाला येतो?"

"बरं, वरून वॉर्निशचा एक हात मारू?"

"वॉर्निश? म्हणजे चमकायला लागेल. खरी पाणबुडी चमकते का? चमकली तर शत्रूला दिसणार नाही का?"

शत्रूचं नाव काढल्यावर व्यंकूनं वॉर्निशचा नाद सोडला. तरी जाता जाता म्हणाला, "एकदा पाण्यात घालून बघायची का, दत्त्या?"

आता मला राग आला. "व्यंकू, हा रंग लावलेली चादर उकळत्या सोड्यात घालतात. वीस वर्षं जात नाही. पक्का रंग आहे हा. पक्का म्हणजे पक्का."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त चादर सुताची असते आणि पाणबुडी लाकडाची होती. एवढं बारीक कोण बघतो?

प्रदर्शनाच्या दिवशी वाचनालयाच्या अंगणात पत्र्याची मोठी टाकी भरून ठेवली होती. मालक आले. मालकांचं धोतर सोलापुरात प्रसिद्ध होतं. इतकं पांढरं, की कारखान्यात ते यायच्या आधी धोतर दिसायचं. त्यांनी भरतकाम बघितलं, काड्यापेट्यांचा ताजमहाल बघितला आणि आमच्या टाकीपाशी येऊन थांबले.

व्यंकूनं पाणबुडी पाण्यात सोडली. फुगा सैल सोडला. पाणबुडी डौलात खाली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालक म्हणाले, "वा. वर येते का?"

व्यंकूनं फुगा दाबला. यायला पाहिजे होती वर. आलीही असेल. पण टाकीतलं पाणी तोवर असं काळंनिळं झालं होतं की वर काय आणि खाली काय, काही कळेना.

व्यंकूनं माझ्याकडे बघितलं. "एमिरा इदि?" म्हणजे, हे काय रे? त्याचं डोकं फिरायला लागलं होतं.

मी तिथंच गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथं संपली असती. पण चार वर्षं वाट बघितलेली संधी समोर उभी होती. मी नम्रपणे पुढं झालो. "मालक, वरचा जास्तीचा रंग निघतोय तेवढा. आतला पक्का आहे. तुम्ही हात घालून, घासून बघा. मी लावलाय."

मालक रंगातले माणूस. त्यांना राहवलं नाही. बाही सारून त्यांनी हात आत घातला, चाचपडत पाणबुडी धरली आणि वाकून चांगली खसाखसा घासली. वाकले तसा धोतराचा सोगा टाकीत गेला. तो माझ्याशिवाय कुणालाच दिसला नाही, आणि मी तर नम्रपणे हात बांधून उभा होतो.

पाणबुडी वर आली ती कोरं सागवान होऊन. नुकती तासल्यासारखी. सोगा वर आला तो हिरवट. मालकांनी खाली बघितलं. सगळ्यांनी बघितलं. आणि सगळ्यांच्या देखत, हवा लागली तसा, तो हळूहळू राखी-निळा होत गेला. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही.

मालक सोगा हातात धरून गाडीत बसले. व्यंकू टाकीच्या कडेला बसून पाणबुडी सदऱ्यानं पुसत राहिला. तीन महिन्यांचं काम होतं त्याचं, आणि लोक आता त्याच्याकडे बघून हसत होते. त्या वेळी मला खरंच भुईत जावंसं वाटलं. मंगळवेढा तर मी मनातून पुसूनच टाकलं होतं.

सोमवारी कचेरीत बोलावणं आलं. टेबलावर ते धोतर. मालक म्हणाले, "धोब्यानं तीन वेळा भट्टीत घातलं. सोड्यात उकळलं. ब्लिचिंगच्या पाण्यात एक रात्र ठेवलं. काय झालं बघ."

मी बघितलं. काहीच झालं नव्हतं.

"मालक, चूक झाली."

"चूक राहू दे. असा पक्का रंग माझ्या कारखान्यात आजवर निघाला नाही. आणि ही छटा बाजारात कुणाकडं नाही. या रंगाची चादर काढायची. प्रमाण सांग, उद्यापासून तू पक्का."

बघा, काय वेळ होती. तोच शब्द, मालकांच्या तोंडून. मी तोंड उघडलं. काळा किती, निळा किती, ती पुडी कसली, कशाचा म्हणून पत्ता नाही. हाताकडे बघितलं. हाताला माहीत होतं ना सगळं? हातही माझ्यासारखाच उभा.

"मालक… अंदाजानं टाकला होता."

"अंदाजानं?" मालक म्हणाले. "मग पगारही अंदाजानं देऊ का, अंदाजे?"

दारातला शिपाई हसला. संध्याकाळपर्यंत ते नाव सगळ्या खात्यांत पोचलं होतं.

महिनाभर मी सुताच्या लडी रंगवत होतो. एक हिरवी यायची, एक करडी, एक तर जांभळट. तो रंग काही आला नाही. दीड वर्षानं मालकांनी मला पक्का केला, पण कुठं? चादरींच्या घड्या घालायच्या खात्यात. रंगखात्याच्या दारात उभं राहायचं नाही, ही अट. व्यंकूनं पुढच्या वर्षी पाणबुडीला मुकाट्यानं ऑइलपेंट दिला, वरून वॉर्निश मारलं आणि बक्षीस घेतलं. ती चमकत होती, पण मी काही बोललो नाही.

आम्ही पुन्हा मंगळवेढ्याला गेलो. सासऱ्यांनी विचारलं, "झाली का पक्की?"

"झाली. घड्या घालतो."

"ब्येस झालं," ते म्हणाले. "घडी चुकली तर मोडून परत घालता येती." आणि सुपारी फोडली. त्यांना रंगाचं कुणी सांगितलं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

लग्नाला मालक आले नाहीत, पण आहेर आला. चांगलं जाडजूड पुडकं. चादरीच्या कारखान्याचा मालक म्हटल्यावर मी जोडीची चादर धरूनच चाललो होतो. सगळ्या पाहुण्यांसमोर मोठ्या ऐटीत सुतळी सोडली. आत धोतर. सोगा राखी-निळा. वर चिठ्ठी होती: 'रंग अजून आहे. आठवलं तर कळव.'

ही त्या सोग्याचं फडकं करून रोज धुते. अजून तसूभर फिकं पडलेलं नाही. आणि चहात पूड किती टाकायची, ते मात्र मला या घरात कुणी विचारत नाही.