अगस्त्याच्या डावीकडे

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आत्याच्या डोळ्यांवरची पट्टी निघून आठ दिवस झाले होते. दिवेलागणीनंतर आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो. तिची नजर किती सुधारली ते बघावं म्हणून मी दक्षिणेकडे बोट दाखवलं. "आत्या, अगस्त्य दिसतो का गं?"

"तो कुणालाही दिसेल. त्याच्या डावीकडे एक बारीकसा तारा आहे, तो बघ."

मला तिथे नुसता काळोख दिसत होता.

"रोखून नको बघूस. नजर जराशी बाजूला ठेव," भूगोल शिकवण्यात जन्म गेलेली आत्या म्हणाली.

मी तसं केलं आणि सुईच्या टोकाएवढा तो अलगद उमटला.

"किती फिकट आहे!"

"फिकट कसला? सूर्याहून तेजस्वी आहे. फक्त फार लांब आहे."

लांबच्या गावाहून कुणी पायी चालत यावं आणि त्याला दार उघडंच सापडावं, तसा तो उजेड आत्याच्या डोळ्यांत पोचला होता. मला भरून आलं.

आत्या मात्र उठून केव्हाच कठड्याशी गेली होती. "अगं, लवकर ये," ती ओरडली, "त्याच्याही खाली अजून एक तारा आहे!"